प्लास्टर चढण्याआधी: जुन्या फ्लॅटच्या नूतनीकरणात नेटवर्कच्या वायरिंगची आखणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात १९९०च्या दशकातल्या इमारतीत सुमारे १,०५० चौरस फुटांचा तीन बेडरूमचा फ्लॅट तुम्ही घेतला आहे, पाडकाम संपत आले आहे आणि इलेक्ट्रिशियन पुढच्या आठवड्यात भिंतींना झिऱ्या (पाइप बसवायच्या खाचा) मारायला घेणार आहे. त्याच्या मते वायफाय असताना घरात नेटवर्कची केबल टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे, आणि टाकायचीच असेल तर तो ती लाइटच्या पाइपातून ओढून द्यायला तयार आहे. घरातून दोघांचे ऑफिसचे काम चालते. केबल कोणती घ्यावी, पॉइंट किती ठेवावेत, राउटर कुठे बसवावा आणि टेलिफोनच्या जुन्या पाइपांचा काही उपयोग होईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी गेली अठरा वर्षे पुण्यात कार्यालयांचे आणि घरांचे नेटवर्क केबलिंग करतो. घरमालकांचे प्रश्न जवळजवळ नेहमी याच क्रमाने येतात, म्हणजे आधी केबल, मग पॉइंट, मग राउटर. पाइपाबद्दल सहसा कोणी विचारत नाही, आणि तुम्ही विचारले तेही जुन्या पाइपांबद्दल. उत्तर देताना मी हा क्रम उलटा करणार आहे. पुढेमागे केबल बदलावी लागली तर ते एका दुपारचे काम असते. पण ती ज्या पाइपातून जाते तो एकदा प्लास्टर, पुट्टी आणि रंगाखाली गेला की त्याला हात लावायचा म्हणजे भिंत फोडायची. तुमच्या हाती असलेला आठवडा पाइपांसाठी आहे. केबलचा निर्णय महिन्याभराने घेतलात तरी बिघडणार नाही.

इलेक्ट्रिशियनचा आक्षेप आधी निकालात काढू, कारण तो अगदीच बिनबुडाचा नाही. फोन, टॅब आणि बहुतेक लॅपटॉप वायफायवरच चालणार आहेत, हे खरे. पण तुमच्यासारख्या त्या काळातल्या इमारतीत आरसीसीचे कॉलम आणि बीम, विटांच्या भिंती, मध्येच टाइल्स आणि पाण्याच्या पाइपांनी भरलेली बाथरूम अशी मांडणी असते, आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अशा दोन-तीन अडथळ्यांतून पलीकडे पोहोचेपर्यंत फार क्षीण होतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी जास्त आत शिरतात, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन आहेत आणि सोसायटीतल्या पन्नास घरांचे राउटर त्यांच्यावरच गर्दी करून असतात. यावर उपाय म्हणून लोक मेश संच, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर वायफाय पसरवणारे दोन-तीन डबे, आणतात. त्याचा दुसरा डबा पहिल्याशी हवेतूनच बोलत असेल तर पुष्कळदा एकच रेडिओ दुहेरी हमाली करतो आणि दूरच्या खोलीतला वेग निम्म्यावर येतो. तोच डबा केबलने जोडला तर त्याला पूर्ण वेग मिळतो. म्हणून केबलकडे वायफायचा पर्याय म्हणून पाहू नका. वायफायचा डबा योग्य जागी, म्हणजे पॅसेजच्या छतावर किंवा बेडरूमच्या दाराजवळ, बसवता यावा एवढ्यासाठीसुद्धा तिथपर्यंत एक केबल न्यावी लागते.

आता पाइपांकडे वळू. पीव्हीसी कंड्युट (वायर नेण्याचा प्लास्टिकचा पाइप) आयएसआय मार्कचा, किमान मध्यम जाडीचा आणि २५ मिमी व्यासाचा घ्यावा. इलेक्ट्रिशियन सवयीने २० मिमीचा आणेल, म्हणून हे सामानाच्या यादीत लिहूनच द्या. कॅट-६ या श्रेणीच्या नेटवर्क केबलचा बाहेरचा व्यास ६ मिमीच्या आसपास असतो आणि पाइपाच्या पोकळीचा साधारण ४० टक्के भागच भरावा असा नियम आहे. कागदावर २० मिमीच्या पाइपात तीन केबल बसतात, पण दोन वळणे आली की दोनच सुरळीत ओढल्या जातात. २५ मिमीच्या पाइपातून तीन-चार केबल आरामात जातात आणि पुढे एखादी फायबरची तार सरकवायलाही जागा उरते. दोन पाइपांच्या किमतीतला फरक हा झिरी मारणे, पाइप बसवणे आणि ती बुजवणे यांच्या मजुरीपुढे नगण्य आहे.

वळणांबाबत मी थोडा हट्टी आहे. बाजारात काटकोनी तयार एल्बो मिळतात आणि ते लावायला सोपे असल्यामुळे कारागिरांना आवडतात, पण नेटवर्कच्या केबलला ते मानवत नाहीत. केबल तिच्या व्यासाच्या चौपटीपेक्षा, म्हणजे साधारण २५ मिमीपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नये, कारण तशी वाकवली की आतल्या आठ तारांच्या चार जोड्यांचा पीळ आणि त्यांच्यातले अंतर बिघडते. तयार एल्बोत केबल आतल्या कोपऱ्यावर घासत जाते, मग माणूस जोर लावतो, आणि ११ किलोपेक्षा जास्त ओढ देऊ नये असे मानले जाते तिथे दोघे जण पाय रोवून ओढताना मी पाहिले आहेत. अशी केबल तुटत नाही आणि दिसायला ठणठणीत राहते. काय बिघडले ते वेग कमी पडू लागल्यावर कळते. म्हणून पाइपात स्प्रिंग घालून तो हाताने मोठ्या गोलाईत वाकवून घ्यावा, किंवा लांब बेंड वापरावेत. एका सलग पाइपात दोनपेक्षा जास्त वळणे येत असतील तर मध्ये उघडता येईल असा जंक्शन बॉक्स ठेवावा. तो दिसेल, त्यावर पांढरे झाकण येईल आणि इंटिरिअरवाला कुरकुर करेल. करू द्या.

लाइटच्या पाइपातून नेटवर्कची केबल नेण्याला मात्र स्पष्ट नकार द्या. सिग्नलमध्ये येणारा व्यत्यय हे त्याचे दुय्यम कारण आहे. त्या पाइपात २३० व्होल्टच्या वायर असतात. ओढताना किंवा उष्णतेने एखाद्या वायरचे आवरण सोलले गेले तर तो विजेचा दाब नेटवर्कच्या केबलवर आणि तिथून राउटरच्या किंवा लॅपटॉपच्या धातूच्या भागांवर येऊ शकतो. वीज आणि डेटा यांचे पाइप वेगळे, बॉक्स वेगळे, आणि ते समांतर जात असतील तर मध्ये अर्धा ते एक फूट अंतर असावे. एकमेकांना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे. एकाच मॉड्यूलर प्लेटवर स्विच, सॉकेट आणि डेटा पॉइंट अशी सोय सुबक दिसते, पण त्यासाठी दोन्ही वायरिंग एकाच बॉक्समध्ये आणावी लागतात. त्याऐवजी शेजारी शेजारी दोन बॉक्स बसवावेत. डेटाचा बॉक्स ५० मिमी खोलीचा हवा, नाहीतर जॅकच्या (केबलचे टोक बसवण्याच्या खोबणीच्या) मागे केबलला सुखाने वळायला जागा मिळत नाही.

झिऱ्या कुठे मारायच्या, हे इलेक्ट्रिशियनवर सोडू नका. कॉलम आणि बीम यांना कटर लावायचा नाही, इंचभरही नाही. चार इंची भिंतीत आडवी लांब झिरी टाळावी, कारण बांधकामातल्या रूढ ठोकताळ्यानुसार उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आणि आडवी सहाव्या हिश्श्यापर्यंतच खोल असावी. चार इंचांचा सहावा हिस्सा पाऊण इंचही भरत नाही, म्हणजे त्यात २५ मिमीचा पाइप बसतच नाही. त्यामुळे आडवा प्रवास फॉल्स सीलिंगच्या वरून किंवा नव्या टाइल्सखालच्या थरातून करावा आणि भिंतीत फक्त उभे उतरावे. जमिनीतून नेताना बाथरूमचे वॉटरप्रूफिंग झालेला भाग पूर्ण वगळा. झिरी बुजवताना वर जाळी ठोकून मगच प्लास्टर करायला लावा, म्हणजे वर्षभरात पाइपाच्या रेषेबरहुकूम तडा उमटणार नाही.

हे सगळे पाइप एका ठिकाणी येऊन मिळाले पाहिजेत, आणि तुमच्या राउटरच्या प्रश्नाचे उत्तर इथे दडलेले आहे. घरात दोन वेगळ्या जागा लागतात. पहिल्या जागी फायबरचा डबा, नेटवर्कचा स्विच (घरभरच्या केबल एकमेकींना जोडणारा डबा) आणि सगळ्या केबलची टोके असतील; दुसऱ्या जागी, किंवा जागांवर, वायफाय देणारे डबे असतील. पहिली जागा मुख्य दारापासून जवळ असावी, कारण फायबर सोसायटीच्या डक्टमधून, म्हणजे मजल्यामजल्यांतून जाणाऱ्या उभ्या पोकळीतून, येते. तुमच्यासारख्या फ्लॅटमध्ये बहुधा दाराजवळचे शू-रॅक किंवा पॅसेजवरचा माळा हे दोन पर्याय निघतात. माळा बाथरूमवर असेल तर वरच्या मजल्यावरून गळती होत नाही ना, याची आधी खात्री करा. स्वयंपाकघर नको, कारण तिथली वाफ आणि तेलाचा राप स्विचच्या पोर्टात बसतो. वीजपुरवठ्याच्या मुख्य डीबीला (एमसीबीच्या पेटीला) चिकटून ही जागा घेऊ नये. जागा सुमारे दीड फूट रुंद, दोन फूट उंच आणि हाताच्या वितीएवढी खोल पुरते. कपाटाच्या दाराला वर आणि खाली हवेसाठी फटी ठेवा आणि आत इन्व्हर्टरवर चालणारे किमान चार सॉकेट द्या. राउटर याच कपाटात कोंबून वर दार लावू नका. दाराला धातूचा पत्रा असेल तर सिग्नल आतच अडकतो. लाकडी दारातही उष्णता आहेच.

डक्टपासून या जागेपर्यंत एक स्वतंत्र २५ मिमीचा पाइप रिकामा ठेवावा आणि त्यात नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवावी. एवढे केले नाही तर इंटरनेट जोडणीचा मुलगा नव्या रंगावरून, दाराच्या चौकटीवर खिळे मारत तार आणतो. दोष त्याचाही नाही, कारण त्याला दुसरी वाटच ठेवलेली नसते. दोरी दोन पाइपभर लांब ठेवावी, म्हणजे पहिली तार ओढल्यावरही पुढच्या वेळेसाठी ती आत शिल्लक राहते. सेवा देणारी कंपनी बदलली की हा पाइप पुन्हा कामाला येतो.

पॉइंट ठरवताना खोल्या मोजण्यापेक्षा त्या खोलीत काय काय एका जागी स्थिर राहणार आहे, ते पाहावे. टीव्हीच्या भिंतीवर तीन केबल द्याव्यात, एक टीव्हीला, एक सेट-टॉप बॉक्सला किंवा गेमच्या यंत्राला, आणि एक राखीव. (जाता जाता सांगतो, पुष्कळ स्मार्ट टीव्हींचे केबलचे पोर्ट आजही १०० एमबीपीएसचेच असते, त्यामुळे वेगाची चाचणी घेतली तर वायफायवर आकडा मोठा दिसतो आणि लोक केबललाच दोष देतात. फोरके चित्रपटाला २५ एमबीपीएसच्या आसपास लागतात, आणि ते केबलवरून अखंड मिळतात.) तुम्ही दोघे घरून काम करता, तेव्हा दोन्ही टेबलांपाशी प्रत्येकी दोन केबल हव्यात. उरलेल्या बेडरूममध्ये टेबल येऊ शकेल अशा भिंतीवर दोन. पॅसेजच्या आणि हॉलच्या छतावर वायफायसाठी एकेक, मुख्य दारावर कॅमेऱ्यासाठी किंवा व्हिडिओ बेलसाठी एक, आणि कोरड्या बाल्कनीच्या आतल्या बाजूला एक. बेरीज तेरा होते. या आकाराच्या फ्लॅटमध्ये एक केबल सरासरी १४-१५ मीटर जाते, म्हणजे एकूण १८० ते २०० मीटर. केबलचे खोके ३०५ मीटरचे येते, तेव्हा एकाच खोक्यात काम होऊन वर भरपूर उरते. कुठे पॉइंटबद्दल मनात शंका असेल तर तिथे केबल न टाकता दोरीसकट रिकामा पाइप ठेवावा.

छतावरचे डबे आणि दारावरचा कॅमेरा यांना वेगळा विजेचा पॉइंट द्यायची गरज नाही, कारण पीओई पद्धतीत त्याच केबलमधून वीज जाते. २००३च्या मूळ मानकानुसार स्विचचे पोर्ट १५.४ वॉटपर्यंत वीज देते, २००९च्या सुधारणेनंतर ३० वॉट आणि २०१८नंतर ९० वॉटपर्यंत. घरातल्या वायफाय डब्यांना ३० वॉटचे पोर्ट पुरेसे आहे. स्विच घेताना पोर्टांच्या संख्येबरोबर तो सगळ्या पोर्टांवर मिळून एकूण किती वॉट देऊ शकतो, तेही पाहून घ्यावे. या सोयीचा खरा लाभ वीज गेल्यावर कळतो: कपाटातला स्विच इन्व्हर्टरवर असला की घरभरचे वायफाय चालू राहते.

केबल कॅट-६, साधी, बिनकवचाची (आत धातूचे वेष्टण नसलेली), शुद्ध तांब्याची घ्या. कॅट-६ए १०० मीटरपर्यंत १० गिगाबिट वाहते, पण ती जाड आणि ताठ असते. साधी कॅट-६ तोच वेग ५५ मीटरपर्यंत देऊ शकते, आणि तुमच्या घरातली सर्वांत लांब केबल २५ मीटरच्या पुढे जाणार नाही. कवच असलेली केबल तिचे अर्थिंग नीट केले तरच उपयोगाची असते, आणि घरगुती कामात ते क्वचितच नीट केलेले आढळते. गच्चीवर किंवा शेजारच्या इमारतीत मात्र तांब्याची केबल नेऊ नका. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की तिच्यात उसळणारा दाब स्विचसकट सगळे जाळतो. तिथे फायबरच हवे.

खरा धोका केबलच्या श्रेणीत नाही, तिच्या धातूत आहे. बाजारात खोक्यावर मोठ्या अक्षरांत कॅट-६ लिहिलेली, पण आत तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असलेली केबल सर्रास विकली जाते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, त्यामुळे पीओईवर ती तापते, दूरच्या कॅमेऱ्याला दाब कमी पडतो आणि जॅकमध्ये दाबलेली तार काही काळाने तुटते. ओळखायला वेळ लागत नाही. टोकाची एक तार सोलून तिच्यावर ब्लेडचे पाते हलके खरवडा. खालून पांढरी चकाकी दिसली तर खोके परत करा. तांब्याचे ३०५ मीटरचे खोके दहा किलोच्या वर भरते, हलके खोके हातात घेताच कळते. इलेक्ट्रिशियनला दुखावण्याची भीती वाटत असेल तर केबल तुम्हीच खरेदी करून द्या.

केबल ओढण्याची वेळ प्लास्टर वाळल्यानंतर आणि रंगाचा शेवटचा हात मारण्याआधी असावी. पाइप बसवून झाले की बॉक्सची तोंडे कागद कोंबून चिकटपट्टीने बंद करा, नाहीतर गवंड्याचा माल आत शिरून घट्ट होतो. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना ओढण्यापूर्वीच क्रमांक घाला. केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडे छापलेले असतात, ते दोन्ही टोकांचे टिपून ठेवले की नेमकी लांबीही हाती राहते. भिंतीतल्या टोकाला फूटभर आणि स्विचच्या कपाटात दीड-दोन मीटर केबल जास्तीची सोडावी.

टोके बसवण्याचे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेणार असाल तर त्याच्याजवळ उभे राहा. भिंतीतली केबल एकसंध तारेची असते. तिच्या टोकाला थेट प्लास्टिकचा कनेक्टर दाबू नये, भिंतीत जॅक बसवावा आणि तिथून पुढे तयार पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी केबल) वापरावी. जॅकमध्ये तारा घालताना जोड्यांचा पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उलगडू नये. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवावा: पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. तिसऱ्या आणि सहाव्या जागी हिरवी जोडी दुभंगून मध्ये निळी का बसते, हे न कळल्यामुळे एका घरात झालेला घोळ मला निस्तरावा लागला होता. अभ्यासिकेतले व्हिडिओ कॉल तुटत होते, पण दिव्यांच्या टेस्टरवर एक ते आठ दिवे अगदी ओळीने लागत होते. प्लेट उघडली तर तारा डोळ्यांना सुखावतील अशा लावलेल्या होत्या: नारंगीची जोडी, हिरवीची जोडी, निळीची जोडी, तपकिरीची जोडी. दोन्ही टोकांना क्रम एकच असल्यामुळे टेस्टर समाधानी होता. पण तिसऱ्या आणि सहाव्या जागेवरचा सिग्नल पांढऱ्या-हिरव्या आणि निळ्या अशा दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारांवरून चालला होता, म्हणजे ज्या पिळामुळे व्यत्यय परस्पर रद्द होतो तो पीळच निकामी झाला होता. वीस मिनिटांत दोन्ही जॅक पुन्हा बसवले आणि तक्रार थांबली.

यावरून टेस्टरचे दिवे लागले म्हणजे काम झाले, असे धरू नका. प्रत्येक पॉइंटवर लॅपटॉप लावून जोडणीचा वेग वाचा. १ गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि १०० मेगाबिटला दोनच पुरतात, त्यामुळे आकडा १०० वर अडला तर एखादी तार जॅकमध्ये नीट बसलेली नाही, असे समजा. मग कपाटातल्या स्विचला दुसरा लॅपटॉप जोडून दोन-तीन जीबीची फाइल इकडून तिकडे पाठवा. ही परीक्षा रंगकाम संपण्यापूर्वी घ्या आणि कारागिराचा शेवटचा हप्ता तोवर राखून ठेवा. त्याआधी, झिऱ्या बुजवायच्या दिवशी सकाळी, प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी धरून फोटो घ्या. जमिनीपासूनची आणि कोपऱ्यापासूनची अंतरे त्यात दिसू द्या. हे फोटो पुढे कपाट ठोकणाऱ्या सुताराला आणि एसी बसवणाऱ्याला दाखवता येतात.

राहिला टेलिफोनच्या जुन्या पाइपांचा प्रश्न. त्या काळचे पाइप बारीक, काटकोनी वळणांचे असतात आणि काही ठिकाणी तर टेलिफोनची तार पाइपाविनाच प्लास्टरमध्ये दाबलेली निघते. इलेक्ट्रिशियनला त्यात ओढायची स्प्रिंग घालून पाहायला सांगा. ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न अडखळता निघाली, तर जुनी तार काढून त्या वाटेने एक कॅट-६ केबल नेता येईल, आणि टीव्हीच्या भिंतीपाशी असा एखादा पाइप निघाला तर एक झिरी वाचेल. मध्ये कुठे अडकली तर तो पाइप विसरून जा. जुन्या तारेलाच नवी बांधून ओढायचा मोह टाळा, कारण ती अर्ध्यावर तुटली की दोन्ही तारा आतच राहतात.